ठराव: वज्रशृंग बैलास मारू नये

माझं आडनाव वाघमारे. वाघ मी एकदाच पाहिला, प्राणिसंग्रहालयात, आणि तोही झोपलेला होता. आयुष्यभर मारली ती गोचिडं. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून बीड जिल्ह्यात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. पर्यवेक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे, डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. पण आमच्याकडे बैलाला सुई टोचेल तो डागदर, आणि लोकांची ही चूक दुरुस्त करायची घाई मी कधी केली नाही.

संपादकांनी पत्र पाठवलं, 'आपल्या सेवेतले अनुभव लिहा.' आता सेवा मी दोन केल्या. एक सरकारी. तिच्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यात शेण फार येतं आणि दिवाळी अंक लोक फराळाबरोबर वाचतात. म्हणून दुसऱ्या सेवेवर लिहितो. मी काल्पनिक जनावरं तपासून देतो. गोष्टीतला घोडा, गोष्टीतला लांडगा, गोष्टीतला उडता रेडा खरा वाटतो का हे बघायचं आणि वाटत नसेल तर लेखकाला तसं तोंडावर सांगायचं.

याची सुरुवात माझ्या मुलीमुळे झाली. संघमित्रा बँकेत आहे आणि मोबाइलवर 'नीलखंड' नावाची एक अद्भुत कथामाला वाचते. पुण्याचे कोणी गृहस्थ ती लिहितात. हवेत तरंगणारे किल्ले, जादूगार, ड्रॅगन, अरुणकेतू नावाचा युवराज, सगळं आहे. दर आठवड्याला एक भाग येतो. पण वाचक इतके उतावीळ, की पुढचा भाग येईपर्यंत त्यांना दम निघत नाही. ते तीच पात्रं घेऊन स्वतःच गोष्टी लिहितात आणि त्याच ॲपवर टाकतात. याला फॅन फिक्शन म्हणतात. मराठी शब्द काय, यावर त्या मंडळींत सतत वाद चालायचा. कोणी 'चाहतेकथा' म्हणायचं, कोणी 'उसनकथा'. एकाने 'अनुकल्पित' असा शब्द आणला. मला तो कृत्रिम रेतनासारखा वाटला.

तर एका रविवारी संघमित्राने मला अशीच एक गोष्ट वाचायला दिली. तिसऱ्याच परिच्छेदात युवराजाचा घोडा झाडाखाली बसून निवांत रवंथ करत होता. मी चहाचा कप खाली ठेवला. रवंथ गाय करते, म्हैस करते, शेळी करते. घोड्याला तशी पोटाची रचनाच नसते. तो एकदा गिळतो ते गिळतो. मी तिथल्या तिथे खाली प्रतिक्रिया लिहिली. ती गोष्टीपेक्षा थोडीच छोटी झाली. संघमित्रा म्हणाली, "बाबा, लोक चिडतील." पण दोन दिवसांनी त्याच लेखकाचं उत्तर आलं, 'सर, माझ्याकडे एक अस्वल पण आहे. बघता का?'

तेव्हापासून माझ्याकडे जनावरांची रांग लागली. दवाखान्यात खरी, फोनवर खोटी.

गिऱ्हाइकं एकेक होती. बीडच्या एक प्राध्यापिका 'गरुडनयना' या नावाने लिहायच्या. त्यांची राजकन्या रोज सकाळी ड्रॅगनचं दूध प्यायची. मी विचारलं, ड्रॅगन अंडी घालतो ना? म्हणाल्या, हो. मग दूध कुठून? म्हणाल्या, तो चमत्कार आहे. मी विचारलं, चमत्काराला सड किती? बाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी राजवाड्यात एक शेळी बांधायचं ठरलं आणि समेट झाला.

परळीच्या एका मुलीने सगळ्या फौजेचे घोडे राखाडी रंगवले होते. पांढरा एकही नाही. मला वाटलं, यात काही रूपक असेल. विचारलं तर म्हणाली, आमच्या इथे लग्नाच्या वरातीचा घोडा असाच असतो. तिच्या घरावर वीज केंद्राची राख पडायची आणि घोड्यावरही पडायची, एवढंच. मी तो रंग तसाच ठेवायला सांगितला, कारण तिने घोडा निदान डोळ्यांनी पाहिलेला होता.

गेवराईच्या एका पोराचा लांडगा मेंढरासमोर उभा राहून एकटेपणावर चार पानं बोलायचा. मी त्याला लिहिलं, तुझ्या लांडग्याचं पोट भरलंय का ते आधी सांग. भरलं असेल तर तो झोपेल, नसेल तर बोलणार नाही. आणि एवढं भाषण होईपर्यंत ते मेंढरू चालत गेवराईला पोचलं असतं.

या कामात कळायला अवघड असं काही नाही. जनावर लिहायचं तर आधी कान लिहावेत. माणूस तोंडाने खोटं बोलतो, जनावराचे कान बोलत नाहीत. मग त्याला आत्ता काय पाहिजे ते लिहावं. पाणी, सावली, मीठ, पाठीला खाजवायला खांब, ओळखीचा शेजारी. त्याला राज्य नको असतं. सूड तर त्याच्या डोक्यातही नसतो, उंटाचं मला माहीत नाही. आणि बैलाच्या डोळ्यांत अश्रू घालू नयेत. बैलाच्या डोळ्यांतून पाणी येतं ते कुसळ गेल्यामुळे.

एवढा ताठा असल्यावर तो उतरायचाच होता. उतरला तो चारा छावणीत.

ते वर्ष पाऊस आलाच नाही म्हणावं असं गेलं. गोदाकाठच्या एका गावात दूध उत्पादक सहकारी संस्थेने चारा छावणी उघडली. छावणी म्हणजे मोकळ्या रानात हिरव्या जाळीच्या सावलीचे मांडव, टँकरचं पाणी, सरकारी चारा, आणि आजूबाजूच्या गावांची सगळी जनावरं. जनावरांबरोबर माणसंही तिथेच राहायची. संस्थेकडे संकलनाला दूध राहिलं नव्हतं, पण चेअरमन दत्तूअण्णांचा सभा घेण्याचा उत्साह तसूभरही आटला नव्हता. माझी नेमणूक छावणीवर झाली. सकाळी कानाला बिल्ले मारायचे, लस टोचायची, आजारी जनावर बघायचं, आणि दुपारी मांडवात टेबल टाकून बसायचं. त्या दुपारच्या निवांतपणात मी बिघडलो. दुसऱ्यांची जनावरं तपासता तपासता स्वतःच गोष्ट लिहायला घेतली.

युवराज अरुणकेतूच्या रथाला मूळ कथेत घोडे आहेत. मी घोडे काढले आणि बैल जुंपला. त्याचं नाव वज्रशृंग. हा वज्रशृंग मी सरळ समोर बघून लिहायचो, कारण माझ्या टेबलासमोरच कौसाबाईंचा रंग्या बांधलेला होता.

कौसाबाई साठीच्या, एकट्या. घर बंद करून बैलाजवळ येऊन राहिल्या होत्या. रंग्या लालकंधारी जातीचा, तांबडा, डावा कान फाटलेला. त्याला छत्री अजिबात खपत नसे. उघडी छत्री दिसली की दावं तोडायला बघायचा. आणि माणूस ओळखीचा असेल तर त्याच्या सदऱ्याची बाही चाटून ओली करायचा. हे सगळं मी वज्रशृंगाला दिलं. माझ्या गोष्टीत जादूगार काळी छत्री घेऊन येतो आणि वज्रशृंग त्याला तीन शेतं पळवतो. वाचकांना ते फार आवडलं.

रंग्याला जोडीदार होता, गुलब्या. तो छावणी उघडायच्या आधीच गेला. पाण्यावाचून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष तयार होतं, त्याला किराळ म्हणतात. उपाशी बैलाने दावं तोडून ती खाल्ली. कौसाबाईंचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या गावात होतो. गाडी दामटली, पण पोचलो तेव्हा उशीर झाला होता. पिशवीत औषध होतं आणि समोर बैल पडलेला होता. माझ्या आज्याच्या वाट्याला गावातलं मेलेलं जनावर ओढायचं काम होतं. धर्मांतरानंतर आमच्या लोकांनी ते सोडलं. माझ्या वाट्याला सरकारने जिवंत जनावर दिलं, याचा मला नोकरीभर अभिमान वाटत आला. म्हणून उशीर झाला की मला तो नुसता उशीर वाटत नाही. कौसाबाई मात्र एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला पाणी दिलं.

आता छावणीत माझी गोष्ट फुटली कशी, तर इस्माईलभाईमुळे. इस्माईलभाई गेवराईचे गाडीवान. त्यांचा बादशा नावाचा एकच पांढरा बैल उरला होता. त्यांना वाचायचा कंटाळा, पण ॲपमध्ये गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची सोय होती. एक यांत्रिक बाई वाचायची, प्रत्येक शब्दानंतर दम खात. टँकरच्या रांगेत इस्माईलभाईंनी फोन घागरीवर ठेवला आणि बाई बोलू लागली, "वज्रशृंगाने. फाटका. कान. मागे. केला." रांगेतल्या कौसाबाई थबकल्या. पुढे छत्री आली, बाही चाटणं आलं, आणि त्यांनी जाहीर केलं की हा आमचाच रंग्या आहे. डागदरांनी त्याला राजाच्या पदरी ठेवलं. नाव तेवढं बदललं. वजरसिंग.

त्यानंतर आठ दिवस कौसाबाईंचा रुबाब काय विचारता. बायका रंग्याला बघायला यायच्या. वजरसिंगाला पेंडीचा पहिला घास मिळायचा. मलाही चहा यायचा, त्यात साखर जास्त असायची. मी मनातून फुगलो होतो, कबूल करतो.

मग मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही चुकल्या.

पहिली अशी की तपासणीला वरिष्ठ येणार म्हणून मी सगळ्या जनावरांची रांग बिल्ल्याच्या नंबराप्रमाणे लावून घेतली. साहेब यावेत, एका टोकाकडून मोजत दुसऱ्या टोकाला जावेत आणि खूश होऊन निघून जावेत. साहेब आलेच नाहीत. रांग तशीच राहिली.

दुसरी म्हणजे त्याच दिवशी मी नवा भाग टाकला. त्यात वाक्य होतं, 'रथाच्या उजव्या अंगाला जुंपलेल्या वज्रशृंगाने मान उंचावली.' आणि शेवटी वाचकांची उत्कंठा वाढावी म्हणून लिहिलं होतं, 'पुढील भागात: वज्रशृंगाचं बलिदान.'

बलिदानाचा भाग माझा लिहून तयार होता. ड्रॅगन युवराजावर आग ओकतो, वज्रशृंग मध्ये येतो. गरुडनयनाबाईंना आधी वाचायला पाठवला तर त्या रडल्या. ड्रॅगनच्या दुधापासून आम्ही बरेच पुढे आलो होतो. माझ्या हातून यापेक्षा चांगलं काही लिहून होणार नाही, असं तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. चहा नव्हता.

"डागदर, रंग्याला उजव्या अंगाला कावून जुंपलं?"

मी म्हणालो, उजवा काय अन् डावा काय, गोष्टच आहे.

"रंग्या डावा हाय. जलमापसून डावा. उजवी जागा गुलब्याची हाय. मेलेल्याच्या जागंवर जित्ता बैल हुबा केला तुमी. अन् आता मारायबी निगालेत."

मांडवातल्या सगळ्या शेतकऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं ते रवंथ करणाऱ्या घोड्याकडे मी पाहिलं होतं तसं. बैल जुवाला ज्या बाजूला शिकतो त्याच बाजूला जन्मभर चालतो, ही गोष्ट त्या मांडवात फक्त मलाच माहीत नव्हती. बैलाच्या पोटाचे चार कप्पे मला पाठ होते. पण आमच्या घरात जमीन नव्हती, जू नव्हतं, बैलाच्या मागे मी कधी चाललोच नव्हतो. मी बैल ओळखायचो तो पुढून आणि आतून. मागून बैल कसा दिसतो ते मला ठाऊक नव्हतं.

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण रंग्याने त्याच दिवसापासून वैरण तोंडात घेतली नाही.

मी तपासलं. ताप नाही, तोंडात जखम नाही, पोट मंद पण चालू. दोन इंजेक्शनं दिली, पाचक चूर्ण दिलं. रंग्या उभा आणि वैरण पुढ्यात तशीच. दुसरा दिवस गेला. कौसाबाई त्याच्या पुढ्यात बसून होत्या, त्याही जेवत नव्हत्या. मला गुलब्या आठवत होता. या खेपेला मी समोर होतो, औषध होतं, वेळ होता, आणि तरी बैल हातातून चालला होता. तिसऱ्या दिवशी कौसाबाई उठल्या आणि चेअरमनकडे गेल्या. त्या संस्थेच्या सभासद होत्या.

दत्तूअण्णांनी तातडीची सभा बोलावली. टँकरच्या सावलीत सतरंज्या टाकल्या. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं, टँकरच्या वेळांवर भांडण झालं, आणि मग अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत माझी गोष्ट आली.

एका सभासदाने हरकत घेतली की फोनमधला बैल संस्थेच्या कार्यक्षेत्रात येत नाही. अण्णा म्हणाले, बैल सभासदाचा, छावणी संस्थेची, लिहिणारा छावणीवरचा, तेव्हा येतो. दुसऱ्याने विचारलं, मारणारं जनावर कोणतं? ड्रॅगन म्हटल्यावर त्याने विचारलं, त्याची नोंद आहे का? कोणी म्हणालं, ड्रॅगनही उपाशीच असेल, दुष्काळ त्यालाही आहे, त्याला छावणीत घ्या म्हणजे तो आग ओकणार नाही. त्यावर सचिवांनी गंभीरपणे विचारलं की चारा मोठ्या जनावराचा धरायचा की लहान, आणि माझं तांत्रिक मत मागितलं. मी उभा राहून सांगितलं, की सदर जनावर रवंथ करत नाही, त्याला उसाचं वाढं मानवणार नाही. हे मी नोकरीत असताना, शुद्धीत, सभेपुढे बोललो.

शेवटी ठराव झाला. त्याची प्रत अजून माझ्याकडे आहे. 'नीलखंड या कथेतील वज्रशृंग ऊर्फ रंग्या या बैलास लेखकाने कोणत्याही भागात, कोणत्याही कारणास्तव मारू नये, असे सर्वानुमते ठरले.' सूचक कौसाबाई, अनुमोदक इस्माईलभाई. खाली सही, शिक्का, आणि 'माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी श्री. वाघमारे यांना.' सरकारी माणसाला तोंडी सांगितलेलं टाळता येतं, शिक्क्याचा कागद टाळता येत नाही. मी सगळ्यांसमोर बलिदानाचा भाग पुसून टाकला.

रंग्याने तरीही खाल्लं नाही.

कौसाबाई म्हणाल्या, अजून जागा बदलली नाही. मी फोन काढला. पण आता मला कोणत्याच बाजूची खात्री राहिली नव्हती. डावा म्हणजे कुणाचा डावा, माझा की बैलाचा, हेच कळेना. म्हटलं, आधी बघून घेतो. आणि नोकरीत पहिल्यांदाच बैलाच्या मागे जाऊन उभा राहिलो.

मागून बघितलं आणि मला माझाच राग आला. रंग्या दावं ताणून डावीकडे सरकून उभा होता. उजवीकडे त्याने बरोबर एका बैलाची जागा सोडली होती, आणि मान त्या जागेकडे वळलेली होती. तिथे नुसतं कुंपण होतं.

मी विचारलं, "हितं आधी कोण होतं?"

"बादशा होता ना साहब," इस्माईलभाई म्हणाले. "तुमीच तर त्येला नंबरावर नेलं, पार तिकडच्या टोकाला. माझा बादशा उजवा हाय. जमलं होतं दोघांचं."

मी जाऊन बादशाचं दावं सोडलं आणि त्याला आणून रंग्याच्या उजव्या अंगाला बांधलं. रंग्याने त्याला हुंगलं, एक जोरात शिंक दिली ती माझ्या अंगावर, आणि वैरणीत तोंड घातलं. माझ्या डोळ्यांत त्या वेळी कुसळ गेलं होतं.

बैल वाचला कशाने, यावर छावणीत तीन मतं होती. दत्तूअण्णांच्या मते ठरावाने. बाकीच्यांच्या मते बलिदान पुसल्याने. खरं कारण मला माहीत होतं, पण ते सांगायचं तर जोडी कोणी मोडली हेही सांगावं लागलं असतं. मी ठरावाच्या बाजूने मत दिलं. पुढे न राहवून कौसाबाईंना खरं सांगितलं, तर म्हणाल्या, "मला ठाव हाय की. तुमी आला तर न्हवं बैलाच्या मागं."

दुपारी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि ही गोष्ट नेमकी कुणाची, ते विचारलं. मी सांगितलं की युवराज पुण्याच्या लेखकांचा, रथ त्यांचा, बैल तेवढा माझा. म्हणजे तुमचा.

"मंजी एक बैल त्येंचा, एक आपला. ही तर सावड हाय."

ज्याच्याकडे एकच बैल असतो तो दुसऱ्या एकबैल्याशी जोडी लावतो आणि दोघांची रानं आळीपाळीने नांगरतात, ती सावड. फॅन फिक्शनला मराठी शब्द शोधत आमची मंडळी वर्षभर भांडत होती. मी तो ॲपवर टाकला. आता बरेच जण सावडकथाच म्हणतात. अनुकल्पितवाले अजून रुसलेले आहेत.

मी म्हटलं, मग गोष्टीतही बादशाला उजव्या अंगाला जुंपू का? त्यांनी लगेच मान हलवली.

"खऱ्यात बादशा चालंल. लई गुणी हाय. गोष्टीत न्हाई. गोष्टीत गुलब्याची जागा कुनाला दिऊ नका. रिकामी ठिवा."

मी वज्रशृंगाला डावीकडे घेतलं आणि उजवी बाजू रिकामी ठेवली. त्यावर वाचकांनी मला धारेवर धरलं. तरंगणारे किल्ले त्यांना चालत होते, आग ओकणारा ड्रॅगन चालत होता, पण एका बैलाचा रथ सरळ कसा चालेल, असं विचारायला सगळे धावले. घोड्याला रवंथ करायला लावणारा तो पहिला लेखक सगळ्यांत पुढे होता. आयुष्यभर चमत्काराला सड विचारणाऱ्या मला शेवटी लिहावं लागलं, 'हा चमत्कार आहे.' गरुडनयनाबाईंनी त्या वाक्यावर हसरा चेहरा पाठवला.

पुढच्या हंगामात पाऊसपाणी झालं, छावणी उठली. कौसाबाई आणि इस्माईलभाई सावडीने पेरायला लागले. एकदा त्या बाजूला गेलो तेव्हा मुद्दाम बांधावर थांबून जोडी मागून बघितली. डावीकडे तांबडा, उजवीकडे पांढरा. दूध संस्था पुढे अवसायनात निघाली, म्हणजे कायमची बंद झाली. दत्तूअण्णांचा शिक्का कुठे गेला कोणाला माहीत नाही. त्यामुळे एक पेच झालाय. ठराव रद्द करायचा तर सभा पाहिजे, आणि सभा घ्यायला संस्था राहिलेली नाही. माझ्या समजुतीप्रमाणे वज्रशृंगाला आता कायद्यानेच मरता येत नाही.

मागच्या वर्षी, मी निवृत्त झाल्यावर, कौसाबाईंचा फोन आला. रंग्या गेला होता. म्हातारा झाला होता, दावणीला बसला तो उठला नाही. मग त्यांनी विचारलं, "डागदर, वजरसिंग हाय न्हवं?"

मी म्हणालो, आहे.

"कोनत्या अंगाला?"

"डाव्या."

"बरं," म्हणाल्या, "आता गुलब्याला उजव्या अंगाला आनलं तरी चालंल."

त्याच दिवशी दुपारी मी बऱ्याच महिन्यांनी नवा भाग लिहिला. रथ नदीकाठी थांबलाय. वज्रशृंग नेहमीसारखा उजवीकडे एका बैलाची जागा सोडून उभा आहे. पलीकडून एक बैल चालत येतो, न हाकता त्या जागेवर जाऊन उभा राहतो, आणि दोघं चरायला लागतात. बाकी काहीच होत नाही. कान तेवढे नीट लिहिले.

खाली एका नव्या वाचकाने विचारलं, 'हा दुसरा बैल मध्येच कुठून आला? नवीन पात्र आहे का?'

मी उत्तर लिहिलं, 'जुनंच आहे. मला आणायला उशीर झाला.'